भामट्यांचं शुद्धलेखन

फसवणूक ही गंभीर बाब आहे; परंतु अशुद्ध भाषेतली फसवणूक ही त्याहून गंभीर बाब आहे, असं आमच्या काकांचं ठाम मत होतं. काका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले. सदतीस वर्षं त्यांनी इतरांच्या चुका काढल्या (कार्यालयात पगारी, घरी मानद).

एका सकाळी त्यांना मेल आला. मोबाइलवरून पैसे पाठवायला ते जी सेवा वापरत, तिच्या नावाने. मजकूर असा: ‘आदरणिय ग्राहक, तूमचे खाते चोविस तासात बंद होनार. त्वरीत खालिल लिंक दाबुन पासवर्ड टाका.’

चौदा शब्दांत आठ चुका. म्हणजे सत्तावन्न टक्के.

“अहो, भामट्यांचा मेल आहे तो,” काकू म्हणाल्या. “घाई करतायत, पासवर्ड मागतायत. पुसून टाका.”

“पुसतो. आधी तपासतो.”

काकांनी आठही चुका लाल अक्षरांत दुरुस्त केल्या, खाली ऱ्हस्व-दीर्घाचे नियम जोडले आणि मेल परत पाठवला. तीन दिवसांनी सुधारित धमकी आली. चुका पाच. पुढच्या आठवड्यात दोन. काकांनी भिंतीवर प्रगतीचा तक्ता लावला. मग एक खासगी शंकाही आली: ‘गुरुजी, पडताळणीतला ळ बरोबर आहे ना?’ तो बरोबर होता. काका दिवसभर शीळ घालत होते.

“चोराला शुद्धलेखन शिकवताय?” काकूंनी विचारलं.

“शिकायला आलेल्याला धंदा विचारत नाहीत.”

पाचव्या आठवड्यात निर्दोष मेल आला. अर्धविरामसुद्धा जागच्या जागी. काकांनी तो उभं राहून तीनदा मोठ्याने वाचला. इतकं शुद्ध लिहिणारा माणूस खोटं कशाला बोलेल, या तर्कशुद्ध विचाराने त्यांनी लिंक दाबली आणि पासवर्ड टाकला. लगेच फोनवर सहा आकडी कोड आला. समोरचं पान तोही मागत होतं. काकांनी चार आकडे टाकले.

“बोट आवरा!” काकू इस्त्री तशीच टाकून धावल्या आणि त्यांनी फोन हिसकावला. (शर्ट जळाला. नुकसानीच्या यादीत ही एकमेव नोंद.) “पाठवणाऱ्याचा पत्ता बघितलात? सेवेच्या नावात एक अक्षर जास्त आहे, आणि पुढे कुठल्यातरी चपलांच्या दुकानाचं नाव!”

“मुद्रितशोधक मजकूर बघतो,” काका क्षीण आवाजात म्हणाले. “लेखकाचा पत्ता आमच्या कक्षेत येत नाही.”

काकूंनी ते पान बंद केलं, सेवेचं अ‍ॅप स्वतः उघडलं. खातं ठणठणीत होतं; कुणीही ते बंद करत नव्हतं. त्यांनी पासवर्ड बदलला, अ‍ॅपमधल्याच नंबरावर फोन करून तक्रार नोंदवली, आणि मगच श्वास घेतला. काका खुर्चीत बसून होते. बराच वेळ त्यांनी कुणाचीही चूक काढली नाही. काकूंना पहिल्यांदाच काळजी वाटली.

तेवढ्यात खऱ्या सेवेचा खरा मेल आला: ‘आपला पासवर्ड बदलन्यात आला आहे.’

“न!” काका ताडकन उठले. “बनावट!” आणि त्यांनी खऱ्या सेवेची रीतसर तक्रार केली.

आता तुम्ही काकांना हसलात, ते योग्यच आहे. फक्त एक सांगा. ‘आपलं पार्सल अडकलं आहे, पत्ता कळवा’ असा मेल मागे आला, तेव्हा आपण काहीही मागवलेलं नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी ‘काय बरं आलं असेल?’ म्हणून लिंक दाबलीतच ना?