झुंबरबाईंनी खुर्ची राखिली त्याची हकीकत

श्रीगोदामाई प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, रविवार, इंग्रजी तारीख चार डिसेंबर सन दोन हजार पाच. ते दिवशी गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी जी मोहीम जाहली, तिचा वृत्तांत लोक आपापल्या सोयीने सांगू लागले. कोणी म्हणे कैद जाहली, कोणी म्हणे दारू प्याले, कोणी म्हणे दोन्ही. सबब जैसे घडले तैसे, वेळ घड्याळात पाहून आणि अंतर पावलांनी मोजून, येथे लिहिले असे. वाचणाराने पदरचे घालू नये.

वणी प्रांती रावजी या नावाचे मातबर बागाईतदार, साडेतीन एकर द्राक्षबागेचे धनी. कंठी तुळशीची माळ, स्वभाव तापट, आणि सदऱ्याच्या खिशात विरळणीची कात्री अष्टौप्रहर. विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीने काढून टाकणे. एक काढावा तेव्हा शेजारचा जाड होतो, ही त्या मुलखाची राजनीती. त्यांचे कुटुंब झुंबरबाई, वय वर्षे अठ्ठावन्न. लग्न होऊन आल्यापासून एकेचाळीस वर्षांत बाईंनी गाव सोडिला तो लग्नास, मयतास आणि गडावर देवीस, आणि तिन्ही ठिकाणी बाईमाणसास पोचताक्षणी काम असतेच. बसावयास गेल्या असे एकदाही घडले नव्हते.

ऐशियांत दिवाळी सरता सून तृप्ती चुलीपाशी बसून सांगू लागली की, धरणाच्या काठी वाईनवाल्यांचा एक रिसॉर्ट उभा राहिला आहे, आणि मागे द्राक्षांचे मळे, पुढे पाणी, आणि पाण्यालगत वेताच्या खुर्च्या मांडिल्या आहेत, आणि आपली कॉलेजातली मैत्रीण तेथील कचेरीत असून ती जागा धरून ठेवील.

"तिथं काय करत्यात?" बाईंनी पुसिले.

"बसतात, आई. पाण्याकडं तोंड करून. सूर्य बुडेपर्यंत."

"आन् बसून?"

"बसून काही नाही."

हे ऐकिले आणि झुंबरबाईंचा हात तव्यावर थांबला, आणि भाकरी करपली. त्या घरात एकेचाळीस वर्षांत करपलेली ती पहिली भाकरी होय. रावजींनी ताटात ती पाहून बाईंस ताप आला की काय म्हणून कपाळास हात लाविला. ताप नव्हता. मनसुबा होता. एक वेळ त्या खुर्चीत बसावे आणि सूर्य पाण्यात जाईतो कोणाच्याही हाकेस उठू नये, एवढाच तो मनसुबा. परंतु आजवर तीन हाका ओलांडून बसून राहणे बाईंस साधिले नव्हते. पहिल्या हाकेसच पाय आपोआप सरळ होत. म्हणून मोहीम दुर्घट होती, आणि दुर्घट आहे हे फक्त त्यांस ठाऊक होते.

मग सासूसुनांनी खलबत केले. बागेची विरळणी शनिवारी संपणार, फवारणी सोमवारी लागणार, मध्ये रविवार एक मोकळा. यापरता मुहूर्त नाही. पुत्र धनराज यांस जीपसह फितूर करून घेतले. रावजींकडे अर्ज गेला तेव्हा त्यांनी फर्माविले की, येतो, परंतु नुसते हिंडणे आपल्या घराण्यास शोभत नाही, तरी वाटेतली कामे उरकीत जाऊ.

येथेच घात होता.

रविवारी सकाळी साडेआठास जीप निघाली. रावजी पुढे, बाई आणि तृप्ती मागे, बाईंच्या मांडीवर भाकरीचे गाठोडे, कारण गाठोड्याविना वेस ओलांडणे अपशकुन. मजल दरमजल दिंडोरी मागे टाकून पंचवटीत पोचले आणि रामाचे दर्शन घेतले, येथवर कोणाची हरकत नव्हती. मग रावजी भाजीबाजारात शिरले आणि कोथिंबिरीची एकेक जुडी उलटी करून मुळे पाहू लागले, आणि पाहता पाहता सोयरे भेटले, आणि सोयऱ्यांनी चहास नेले, आणि चहावरून दुसऱ्या सोयऱ्यांकडे नेले. तेथे झुंबरबाईंनी सवयीने सोळा कप विसळले. बारा वाजले. मग रावजींस स्मरले की फवारणीच्या पंपाचे वायसर झिजले आहे आणि ते नाशकाच्या द्वारका चौकात मिळते.

द्वारकेचा चौक म्हणजे चक्रव्यूह. मुंबईहून ट्रक, पुण्याहून बसगाड्या, आणि मधल्या फटींतून रिक्षांचे पायदळ. चहूंकडून कर्णे वाजत आणि तसूभर कोणी हलेना. जीप मध्यभागी सापडून पाऊण तास वेढा पडला. वायसरवाल्याचे दुकान समोर वीस पावलांवर दिसे, परंतु दुकानदार जेवावयास गेला होता. रावजी म्हणाले, येईतो थांबू. झुंबरबाईंनी खिडकीतून वर पाहिले. सूर्य माथ्यावरून कलला होता. मार्गशीर्षात दिवस तोकडा, हे बागाईतदारणीस पंचांगाने सांगावे लागत नाही. मग जे कधी जाहले नव्हते ते जाहले, आणि बाई मागच्या आसनावरून बोलिल्या.

"वायसर उद्याबी मिळंल. आजचा सूर्य उद्या नाय मिळायचा. धनू, घाल गाडी गंगापूर रोडला."

"अगं पण..."

"घाल म्हणते ना."

धनराजांनी घातली. रावजी दोन सिग्नलपर्यंत मान वळवून वायसरवाल्याचे दुकान पाहत राहिले.

तीन वाजून बारा मिनिटांनी झुंबरबाई खुर्चीत बसल्या. खुर्ची पाण्यापासून अकरा पावलांवर होती. ऊन उबदार, पाणी निळे, एका अंगास डोंगर, आणि पाण्यावरून येणारा वारा असा की पदर सावरावा लागे आणि सावरू नये असे वाटे.

परंतु बसणे म्हणजे काय सोपे? प्रथम बाई खुर्चीच्या कडेस चार अंगुळे टेकल्या, जशा पाहुण्याच्या घरी टेकतात. तृप्तीने सांगितले, मागे रेला. रेलल्या तो पाठीस काहीतरी लागले म्हणून दचकून वळून पाहिले. खुर्चीचीच पाठ होती. मग हातांनी बंड केले. उजवा हात खाली जाऊन खुर्चीच्या पायापाशी उगवलेले गवत उपटू लागला आणि नकळत हातभर जमीन स्वच्छ जाहली. तृप्तीने हात धरून मांडीवर ठेविला. मग चहा आला, आणि चहा पिऊन बाई कप विसळण्यास नळ शोधू लागल्या.

"आई! कप तिथंच राहू द्या."

"उष्टा?"

"उष्टाच. ते नेतात."

"कोण नेतं?"

"ते लोक. त्यांचं कामच आहे ते."

खरोखर एक मनुष्य आला आणि कप घेऊन गेला. बाई त्याच्या पाठीकडे तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या आणि मग पोटातून हसू आले. ते हसू बराच वेळ थांबेना, तृप्तीसही लागले. शेजारच्या खुर्चीतील मुंबईकरांनी चष्मे उतरवून पाहिले.

साडेचारापर्यंत बाई पुरत्या रेलल्या होत्या आणि पायांतील चपला निघाल्या होत्या. ऐसा जम बसला आणि तिकडे रणात अनर्थ घडला.

रावजींस बसणे मानवत नसे. ते मागील मळ्यात हिंडावयास गेले आणि वाईनच्या वेली पाहताच स्तंभित जाहले. घड मुठीएवढे, मणी ज्वारीएवढा, आणि दाटी ऐशी की घडात सुई शिरणार नाही. विरळणी नाही, काही नाही. रावजींच्या मते पीक बुडाले होते आणि मालक झोपला होता. परक्याचे असो, बुडते पीक डोळ्यांदेखत सोडणे हा त्यांच्या लेखी अधर्म. त्यांनी खिशातील कात्री उपसली आणि एकटेच तुटून पडले. माळी मंगळू याने ओरड करीपर्यंत सतरा वेली विरळून जाहल्या होत्या, आणि काम इतके सफाईचे होते की मंगळू प्रथम ओरडावे की पाहत राहावे या विचारात पडला. ही कबुली त्याने मागाहून दिली.

मग तेथील किल्लेदार, म्हणजे मॅनेजर महेशराव, धावत आले.

"काका, हे काय केलंत? वाईनला बारीकच मणी लागतो. सालीत सगळी चव असते!"

"बारीक लागतो? आमच्याकडं असला माल दाखवला तं व्यापारी वेशीतून माघारी जाईन! कोणी शिकवलं तुला?"

"काका, फ्रान्समधून..."

"फ्रान्सात पाऊस नसंल पडत. हो बाजूला, तेवढी ओळ उरकू दे."

तेव्हा महेशरावांनी त्यांस कात्रीसह कैद करून कचेरीत बसविले. रावजी तेथेही गप्प बसेनात. मालकास बोलवा, मी शिकवतो, म्हणून गर्जना चालली. धनराजांनी समजाविले, व्यर्थ. रावजी तापले असता त्यांस उतरविणे हे साऱ्या वणी प्रांतात एकाच व्यक्तीस साधत असे, आणि ती व्यक्ती अकरा पावलांवर पाणी घेऊन बसली होती. धनराज घामाघूम होऊन तिच्याकडे आले. पाच वाजून चार मिनिटे.

"आई, चल. दादांना ऑफिसात बसवलंय. तुझ्याबिगर ऐकायचे नाय ते."

ही पहिली हाक. बाईंचे पाय सरळ जाहले.

"आये, चल ना लवकर! पोलिसाला फोन करायच्या गोष्टी चालल्यात तिथं."

ही दुसरी. हात खुर्चीच्या हातांवर रोवले गेले, आणि बसणे सुटून बाई चार अंगुळे वर आल्या. तेथे त्या थांबल्या. न उठलेल्या, न बसलेल्या. मोहिमेचा अवघा निकाल त्या चार अंगुळांत लोंबकळत होता. बाई गेल्या तर रावजी शांत होतील, हे निश्चित. आणि सूर्य? तो पाण्यापासून हात-दीड हात वर होता आणि थांबणारा नव्हता. कचेरीतून तिसरी हाक आली, खुद्द रावजींची, खणखणीत: "कुठं गेली गं?"

झुंबरबाई बसल्या. पुरत्या बसल्या, मागे रेलून.

"धनू," त्यांचा हुकूम सुटला, "त्यांना म्हणावं मी हितं हे. ज्याला बोलायचं त्यानं हितं यावं. मॅनेजरला पन आन."

"आई, ते कसे येतील?"

"दोन पाय हेत ना त्यांना?"

आणि आले. पुढे महेशराव, मागे रावजी, त्यामागे मंगळू कात्री दोन्ही हातांवर घेऊन. दरबार वाळूत उभा राहिला आणि बाई बसून राहिल्या. उभय पक्षांनी एकदम तक्रारी मांडिल्या. बाईंनी हात वर करून महेशरावांस पुसिले.

"बाळा, तोडलेले मणी परत चिकटतील का?"

"नाही, मावशी."

"मग वरडून काय फायदा? आन् तुम्ही वो, दुसऱ्याच्या बागेत इचारल्याबिगर कात्री? आपल्या बागेत कोणी घातली असती तं?"

रावजींनी वाळूत पाहिले. मग तह ठरला तो ऐसा. सतरा वेलींस लाल फीत बांधावी आणि त्यांचा माल वेगळा काढून, बाकीच्यांहून बरा की वाईट, हे पारखून रावजींस खरे ते कळवावे. हे कलम महेशरावांस फार आवडले. अशी तुलना आजवर कोणी केली नव्हती. कात्री संध्याकाळपर्यंत मंगळूकडे अमानत राहावी. आणि रावजींस शिक्षा म्हणून शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, सूर्य बुडेपर्यंत बसावे.

"नुसतं?" रावजींचा चेहरा उतरला.

"नुसतं."

"त्यापरीस पोलीस बोलवा."

परंतु बसले. महेशरावांनी बारीक मण्याची सिद्धता म्हणून पेल्यात तीन बोटे वाईन आणविली. रावजींनी माळेस हात लावून नाकारिली, मात्र वास घेतला आणि म्हणाले, वास बरा हे, पन मणी बारीक. पेला परत जाणार तो झुंबरबाईंनी धरिला. त्यांच्या कंठी माळ नव्हती. एक घोट घेतला. चर्या वाकडी जाहली.

"कशी हे?" रावजींनी भीत भीत पुसिले.

"आंबट. ताक इसरून गेल्यागत."

परंतु एका घोटावर निकाल देणे न्यायाचे नव्हे म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्याने पहिल्याशी मतभेद दाखविला, म्हणून तिसरा घ्यावा लागला. तृप्ती पदरात तोंड खुपसून हसू लागली, आणि बाई हसू लागल्या, आणि मंगळूही. रावजी एकटे करड्या चर्येने समोर पाहत दर चार मिनिटांनी पुसत, "बुडला का?"

"नाय."

"आता?"

"बसा वो. बुडंल त्याच्या टायमाला."

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी सूर्य पाण्यास टेकला, लांबट जाहला, आणि गेला. मुंबईकर उठले. धनराजांनी जीपची किल्ली काढिली. तेव्हा दिसले की रावजींचे पुसणे बंद आहे. ते मान एका बाजूस टाकून, हात मांडीवर तैसेच ठेवून, गाढ झोपले आहेत. धनराज हाक मारणार तो बाईंनी ओठावर बोट ठेविले. मग त्यांनी समोर पाहिले. पाणी अजून तांबडे होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाका तीन आल्या, तिन्ही परतविल्या. जायबंदी वेली सतरा, माणूस कोणी नाही. ते दिवशी संध्याकाळी सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी झुंबरबाई खुर्चीतून उठल्या, चपला घातल्या आणि जीपकडे चालू लागल्या. त्या समयी त्यांस कोणी हाक मारिली नव्हती, हे येथे मुद्दाम लिहून ठेविले असे.