पवनचं नियोजन

वारा सुटला की आमच्या कॉलनीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायला धावतात. पांढरीपांडे काका फोनकडे धावतात.

मी हे थट्टेने लिहीत नाही. भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या इमारतीत ते समोरच्याच दारी राहतात, त्यामुळे मला दिसतं. मे महिन्यात दुपार कलली की आंधी येते. धूळ उठते, रस्त्यावरचा कडुलिंब वाकतो, तारा एकमेकींना लागतात आणि वीज जाते. मग काका गॅलरीत येऊन सरकारची तक्रारींची हेल्पलाइन लावतात आणि म्हणतात, "नोट कीजिए. हवा चालू, बत्ती बंद. काहून?"

काहून म्हणजे का. नागपूरकडचा शब्द. नागपूरऐवजी भोपाळ राजधानी झाली तेव्हा काकांचे वडील कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले. काका म्हणतात, "आधी फायली आल्या. फायली सांभाळायला माणसं लागतात, म्हणून मागून आम्हाला आणलं." त्यांची बाकी नागपुरी इथल्या हिंदीत विरघळून गेली, हा एक शब्द तेवढा राहिला. हेल्पलाइनवरच्या मुलीलाही आता तो कळतो.

मला ते नावाने हाक मारत नाहीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून ते मला "कॉलेज" म्हणतात. "ए कॉलेज, इकडे ये. सांग, माझा प्रश्न कठीण आहे का?"

प्रश्न कठीण नाही हे मी कबूल करते. सरकार म्हणतं, वाऱ्यापासून वीज तयार होते. पेपरात डोंगरावरच्या पवनचक्क्यांचे फोटो येतात, त्यांच्यापुढे कोणीतरी हार घालून उभं असतं. "आणि आमच्याकडे वारा आला की असलेली वीज जाते," काका म्हणतात. "म्हणजे एक तर वारा चुकतोय, नाही तर नियोजन. वाऱ्याला मी जाब विचारू शकत नाही."

म्हणून त्यांनी नियोजनाबद्दल तक्रार केली, फोनवर, स्वतःच्या हिंदीत. ते म्हणाले, "हमारे यहाँ पवन का कुछ नियोजन नहीं हुआ है."

मराठीत नियोजन धरणाचंही होतं आणि बारशाच्या जेवणाचंही. इथल्या हिंदी कानाला मात्र नियोजन एकच माहीत आहे, कुटुंबाचं. त्यामुळे एका सकाळी काकांच्या दारात आरोग्य खात्याची आशा दीदी येऊन उभी राहिली.

"पवन आपका बेटा है?"

"पवन किसी का बेटा नहीं है. पवन सब तरफ है."

"मतलब, बाहर रहता है?"

"बाहर ही तो रहता है. हम चाहते हैं उसका फ़ायदा घर में आए."

दीदीला हे पटलं. सगळ्याच आईबापांचं हेच म्हणणं असतं. तिने विचारलं, "और उसके बच्चे कितने हैं?"

आतल्या खोलीत काकू हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली, आणि काका दीदीला तशीच दारात सोडून आत धावले. दीदीही मागोमाग आली, आणि तिला पवन नाही पण मशीन दिसलं.

काकूंची फुफ्फुसं बरीच वर्षं कामचुकारपणा करताहेत. पलंगाशेजारी एक मशीन घरघरत असतं. ते खोलीतल्या हवेतला प्राणवायू गोळा करतं आणि नळीने काकूंच्या नाकाशी पोचवतं. ते विजेवर चालतं. वीज गेली की थोडा वेळ इन्व्हर्टर खेचतो, आणि तोही दमला की काका कोपऱ्यातला सिलिंडर उघडतात. सिलिंडरची चावी घट्ट आहे आणि काकांचे हात आता थरथरतात. आंधीच्या दिवसांत मी आमचं दार उघडंच ठेवते.

दीदी म्हणाली की मागच्या ब्लॉकमधल्या सरोजबाईसुद्धा अशाच मशीनवर आहेत, आणखीही असतील. कोण कुठे आहे ते वीजवाल्यांना माहीत नाही आणि दवाखानेवाले त्यांना सांगत नाहीत. जाताना तिने, चुकून आलीच होती म्हणून, काकूंचा रक्तदाब पाहिला.

त्या दिवसापासून काकांच्या तक्रारीला दुसरा पाय फुटला. अशा घरांना वीज बंद करण्याआधी कोण कळवणार? रिकामा सिलिंडर कोण भरून देणार? तक्रार आता वाऱ्याचीही होती आणि रुग्णांचीही, त्यामुळे ती कोणाचीच राहिली नाही. वीजवाले म्हणाले, हा आजाराचा विषय आहे. आरोग्यवाले म्हणाले, विजेचा. ऊर्जावाल्यांनी कळवलं की हवेचा वेग त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

मला राग यायचा. काकांना येत नसे. त्यांची सगळी नोकरी आवक-जावक शाखेत गेली होती. "कागद एका जागी थांबला की त्याला वास येतो," ते मला समजावत. "तो फिरता ठेवायचा. आयुष्यभर मी तेच केलं. आता मीच कागद झालो, एवढंच."

खालच्या साहेबाने तक्रार सोडवली नाही की ती आपोआप वरच्या साहेबाकडे जाते. ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा काकांनी इमारतीत मावाबाटीची मिठाई वाटली. "माझं प्रमोशन राहून गेलं," ते प्रत्येक दारात सांगत होते. "हिचं झालं."

पण तक्रार बंद करायची तर तक्रारदाराला एक शब्द उच्चारावा लागतो. संतुष्ट. तेवढं म्हटलं की सरकारचं काम झालं. तो शब्द काकांच्या तोंडून काढायला हेल्पलाइनवरून दर आठवड्याला फोन येतो. बहुतेक वेळा तीच मुलगी असते.

"पांडे जी, अब तो संतुष्ट हैं?"

"पहली बात, मैं पांडे नहीं हूँ. पांढरीपांडे."

"जी, पंढारी पांडे जी. संतुष्ट हैं?"

"बेटा, एक बार हुआ था. शाखा में नया पंखा लगा था तब."

आतून काकूंचा आवाज येतो, "मला नाही सांगितलं." काकूंना शब्द श्वासावर रेशन केल्यासारखे मिळतात, म्हणून त्या वाया घालवत नाहीत.

मग काका त्या मुलीला विचारतात, आज घरून काय डबा आणलास. ती विदिशाहून रोज येते. तिच्या भावाचा निकाल, तिच्या आईचा गुडघा, रेल्वेचा उशीर, सगळं काकांना ठाऊक असतं. तीही विचारते, "आपने खाना खाया, अंकल?" तक्रारीचं बोलणं तोंडी लावण्यापुरतं होतं आणि शेवटी ती नोंद करते, असंतुष्ट.

या वर्षी तक्रार चढत चढत इतकी वर पोचली की खालपर्यंत हादरे बसले. आमच्या भागाचे जेई, म्हणजे वीज कंपनीचे ज्युनियर इंजिनियर चौरसिया, स्वतः घरी आले. बिचारे घामाने निथळत होते. काकूंनी खुणेने मला चहा ठेवायला सांगितलं.

"अंकल जी, मेरी वेतनवृद्धि रुकी है आपके पवन के चक्कर में," ते म्हणाले. नंतर गॅलरीकडे बोट करून त्यांनी आवाज खाली आणला. "वो सामने वाला खंभा देख रहे हैं? पानी के पंप हाउस की लाइन है. कभी बंद नहीं होती. आपका तार उसमें जोड़ देते हैं. आंटी जी की मशीन चौबीस घंटे चलेगी. बस पहले फ़ोन पर संतुष्ट बोल दीजिए."

"और पीछे के ब्लॉक की सरोज?"

"अंकल जी, एक घर जुगाड़ होता है. दो घर हो गए तो योजना बन जाती है, और योजना ऊपर से आती है."

मी कप हातात धरून थांबले. मला वाटलं, आता काहून येणार. पण काकांनी पलंगाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, सिलिंडरच्या चावीकडे पाहिलं.

"बोलने के बाद कितनी देर में जोड़ोगे?" त्यांनी विचारलं.

"उसी दिन."

"ठीक है."

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मी राज्यशास्त्र शिकते, आणि आमच्या पुस्तकात जबाबदार शासनावर एक धडा आहे. तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे काकाच असायचे. पण पुस्तकात ते मशीन नव्हतं, हेही मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना पेपर वाचून दाखवत होते तेव्हा फोन आला. काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी फोनचा स्पीकर लावला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"अंकल, लिखकर आया है कि आप आज बंद करवा रहे हैं," ती मुलगी म्हणाली. "सच में?"

"हाँ, बेटा."

"तो फिर बोल दीजिए. रिकॉर्ड हो रहा है."

"मैं पांढरीपांडे," काकांनी सुरुवात केली, आणि घसा साफ केला. "मैं सं..."

काकूंनी हात पुढे केला. काकांना वाटलं, पाणी हवंय. काकूंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि फोन घेतला.

"पत्नी बोल रही हूँ. असंतुष्ट."

"आंटी जी, कारण बताना पड़ेगा."

"सरोज." काकू थांबल्या, नळीतून श्वास घेतला. "उसका तार कौन जोड़ेगा? चालू रखो."

त्यांनी फोन काकांच्या हातात परत दिला. काकांनी तो उलटाच धरला.

"तत्त्वाचं मी बघत होतो ना इतकी वर्षं," ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी इतका लहान झालेला मी ऐकला नव्हता. "ते सोडलं तर मी सोडलं असतं. कोण विचारणार होतं मला? तुला निवांत श्वास मिळाला असता, अगं."

"सरोजचं काय?" काकू म्हणाल्या.

काका उठून गॅलरीत गेले.

मी न राहवून म्हटलं, "काकू, लाइन मिळत होती. उद्या आंधी आली तर?"

काकूंनी मला जवळ बसायला खुणावलं आणि गॅलरीच्या दाराकडे बघून हळू बोलायला लागल्या. एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"सरोजचं खरंच आहे." श्वास. "पण तक्रार बंद झाली की ती विदिशाची पोर फोन करेल का?" श्वास. "आम्हाला मूलबाळ नाही. मी आता किती? मी गेल्यावर यांना कोण विचारेल, जेवलात का?"

मी पेपरची घडी घालत राहिले.

"सरकार आहे ते," काकू म्हणाल्या, आणि जराशा हसल्या. "प्रश्न सुटेपर्यंत विचारत राहील. म्हणजे पुष्कळ वर्षं. यांना सांगू नकोस. तत्त्वासाठी केलं, असंच वाटू दे." मग त्या दमल्या, आणि खुंटीवरची टोपी दाखवून म्हणाल्या, "उन्हात उभे आहेत. दे नेऊन."

मी टोपी नेऊन दिली. काकांनी ती हातात घेतली, डोक्यावर घातली नाही. ते पंप हाउसच्या खांबाकडे बघत होते. तिथून एक तार काकांच्या गॅलरीच्या कोपऱ्याजवळूनच पुढे गेली होती.

"बघ ना, कॉलेज," ते म्हणाले. "केवढंसं अंतर आहे."