शटर, सासरे आणि बारा-तेराचा पाना

घरातली एखादी वस्तू अडली, की इतरांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मला आनंदाचं भरतं येतं! कुणाला गाण्याचा छंद असतो, कुणाला चित्रांचा. मला गॅरेज आहे! अर्ध्या जागेत गाडी, अर्ध्या जागेत माझं वर्कशॉप. खरखरणारा पंखा, रुसलेलं शिलाई मशीन, सगळं तिथे येऊन बरं होतं. निदान जाताना वेगळा आवाज तरी करतं.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दिवशी त्यांना घरी आणायचं होतं. पुढे तपासणीसाठी सारखं नेणं-आणणं आलं. दर वेळी गॅरेजचं ते अजस्र शटर कोण उचलणार? म्हणून मी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आणि सायकलची चेन जोडून, बटण दाबताच शटर वर-खाली होईल अशी सोय केली. चेन सारखी निसटायची. तीही चांगली आवळली!

"बाबा, निघण्याआधी एकदा बघाच!" मी सासऱ्यांना आत बोलावलं.

सासरे फार कमी बोलतात. लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला त्यांचे दोनच उद्गार आले होते, "बरं" आणि "असू दे". ते गाडीजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. मी बटण दाबलं. शटर नव्या नवरीसारखं हळूहळू खाली आलं.

"बघितलंत?"

"बरं," सासरे म्हणाले.

आता वर न्यायला पुन्हा बटण दाबलं, आणि कडाड्! चेन दातेरी चाकावरून उडाली आणि चाकाच्या सांदीत अशी रुतली, की शटर जुन्या भाडेकरूसारखं ठाण मांडून बसलं. हलेना, डुलेना!

"काही नाही बाबा, एक बोल्ट ढिला केला की झालं!" मी रुबाबात मागे हात केला. मागे हत्यारांची पेटी नव्हती. गाडीभोवती पसारा नको म्हणून मीच ती अंगणात नेऊन ठेवली होती. वर्कशॉपमध्ये मी, आणि हाताशी साधा स्क्रू-ड्रायव्हर नाही!

तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, हॉस्पिटलमधून फोन आला! आई केव्हाची तयार होऊन बसलीय!"

"अगं, आधी खिडकीतून बारा-तेराचा पाना दे!"

"बारा की तेरा?"

"बारा-तेरा!"

"नक्की एक काय ते सांगा ना!"

"एकच आहे! एका टोकाला बारा, दुसऱ्या टोकाला तेरा!"

"मग मघापासून दोन का सांगताय?"

खिडकी उंचावर, तिला जाळी, आणि जाळीचा जेमतेम एक कोपरा फाटलेला. त्यातून आधी पक्कड आली, मग रंगाचा ब्रश आला. शेवटी पाना आला, जमिनीवर खणकन आपटला आणि थेट गाडीखाली घसरत गेला!

एका बाजूने मी आडवा झालो, दुसऱ्या बाजूने सासरे. गाडीखालून आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो.

"जावईबापू," सासरे अचानक म्हणाले.

मी हात लांबवायचाच थांबलो.

"हिचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा माझे हातपाय गळाले होते. बोललो नाही कुणाला. तुम्ही सगळं धावून-धावून केलंत. माझा डबासुद्धा आठवणीने आणलात. आभार मानायचे राहून गेले होते."

"बाबा, अहो, असं काय..."

"बोलू द्या. समोरासमोर मला जमत नाही."

एवढं बोलून त्यांनी हात सरकवला आणि पाना माझ्या हातात ठेवला. मी उठलो, गाडीला वळसा घालून गेलो आणि त्यांना घट्ट मिठी मारली. मिठी मारताना माझं कोपर भिंतीवरच्या बटणावर दाबलं गेलं!

रुतलेल्या चेनला मोटर जीव खाऊन ओढू लागली. घूंऽऽऽ! बटण आत गेलं ते बाहेर येईना. जळका वास, आणि मग धूर!

"अगं, मेन स्विच बंद कर!"

तिने तो तत्काळ बंद केला. पण खिडकीतून निघणारा धूर आणि वडील आत! तिने अग्निशमन दलालाही फोन केला. बंब ठणाणा करत आला. अख्खी गल्ली गोळा झाली. जवानांनी कटर लावला आणि माझं शटर पापडासारखं कापून काढलं.

उजेड आत आला आणि पहिलं दर्शन झालं ते सासूबाईंचं! वाट बघून कंटाळल्या आणि नर्सला घेऊन टॅक्सीने आल्या होत्या. कुबड्यांवर उभ्या राहून त्यांनी खोकणाऱ्या आम्हा दोघांकडे पाहिलं, मग कापलेल्या पत्र्याकडे.

"माझ्या स्वागताला दारच काढून टाकलंत?" असं म्हणाल्या खऱ्या, पण सासऱ्यांचा हात त्यांनी असा पकडला की सोडेनात.

अग्निशमन दलाचे प्रमुख त्या चेनकडे आणि मोटरकडे बराच वेळ बघत होते.

"हे कुणी केलं?" त्यांनी दरडावून विचारलं.

मी मान खाली घालून तोंड उघडणार, एवढ्यात सासरे पुढे झाले.

"आम्ही दोघांनी," ते म्हणाले.

प्रमुखांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्या डोळ्यांत धूर गेलाय. पाण्याने धुऊन घ्या."

"हो हो, धूरच तो!" मी म्हणालो आणि मुकाट्याने नळाकडे गेलो.