भाताच्या टोपातला पिस्टन

आमचे नामूकाका पिस्टन शिजवतात. खोटं नाय सांगत. माज्याच भाताच्या टोपात, माज्याच गॅसवर. गरम पाण्यात पिस्टन जरा फुगला की त्याची पिन अलगद बसते म्हणे. मी टोप नंतर घासून घासून ठेवते, तरी सासूबाय ताटातला भात हुंगतात नि म्हणतात, "आज पिस्टनभात काय गो?"

काका शेजारी, भिंतीला भिंत. एकटेच. लग्न नाय केलं. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारायचं काम, नि घरी आले की तोच कागद घेऊन इंजिनाला बसायचं. जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, चिखलात-डोंगरात पळवायची, मोठ्या दात्यांच्या टायरची, कोलाडच्या भंगारवाल्याकडनं आणलेली. मी लग्न होऊन रोह्यावरनं आले तेव्हा ती खोललेली. चिनू झाला तेव्हा पण खोललेलीच. मधी एकदा चालू झाली, सगळ्या आळीत धूर केला, नि दुसऱ्या दिवशी काकांनी परत इंजिनाचं हेड काढलं. "आवाज बरोबर नाय," म्हणे. आमाला सगळा आवाज सारखाच.

पेट्रोलमधे ऑइल मापून घालायला चिनूची दुधाची बाटली नेली, तिच्यावर रेघा असतात ना. नवीन आणून दिली, पण जुनी काय परत नाय. "हिचं माप जमलंय."

गाडी कधी चालू होणार विचारलं की एकच. "उद्या किक."

मला त्या उद्याची लय घाई. चिनूला एकदा तापात आकडी आलेली. पेणचे डॉक्टर बोलले, परत आली तर थांबू नका, लगेच आणा. लगेच म्हंजे कसं आणू? नवरा डोलवीला कंपनीत, शिफ्टला. रिक्षा मिळाली तर मिळाली. मी आपली दिवसभर पोराच्या कपाळाला हात लावून, नि काका ओट्यावर पिस्टनच्या रिंगा मांडून.

"काका, जोडून ठेवा ना एकदाची!"

"उद्या किक, गो."

गणपतीच्या आदी जोडली एकदाची. नवा पिस्टन, नव्या रिंगा. मला सांगतात, "नवा पिस्टन म्हंजे नवी सून. पहिले दिवस दमानं घ्यायची. राबवली की जाम होते."

मी म्हटलं, "हे जरा सासूबायना सांगा."

आतनं आवाज आला, "ऐकलं मी!"

त्याच आठवड्यात, भर दुपारी, चिनूचे डोळे फिरले. हातपाय ताठ. मी पोर उचललं नि ओरडतच बाहेर. रस्त्यात मूर्तींचे टेम्पो एकामागं एक अडकलेले, रिक्षा सोडाच, सायकल निघना. काका जेवत होते. उठले, उष्ट्या हातानंच किक मारली.

"बस गो. पोराला कुशीवर धर."

गाडी घातली ती सरळ बांधावरनं. दोन्हीकडं भात, मधी वीतभर बांध, सगळा चिखल. मी एका हातानं पोर, एका हातानं काकांचा शर्ट धरलेला. गाडी नुसती किंचाळत होती. दमानं बिमानं काय नाय. काकांची दोन बोटं तेवढी सगळा वेळ क्लचवर, का ते मला कळंना. दवाखान्याच्या फाटकाशी आलो नि खाट! इंजिन गप. काकांनी क्लच दाबला, गाडी तशीच घरंगळत आत गेली.

थोड्या वेळानं आतनं चिनू रडला. मोठ्यानं. काका दारात उभे होते, हाताला भात वाळलेला. म्हणाले, "आवाज बरोबर हाय."

आम्ही घरी आलो, गाडी टेम्पोत घालून आणली, नि ओट्यावर परत रिंगा. पिस्टनवर या रेघा!

"माज्यामुळं झालं, काका."

"जाम होणार ते म्हायती होतं. जाम इंजिनानं चाक धरलं असतं तर तुमी दोघं शेतात. म्हणून बोटं क्लचवर."

मग धीर करून विचारलं, "मागं तर चांगली चालत होती. मग सारखी सारखी का खोलायचात?"

काका कागद फिरवत राहिले. "चालू झाली की लोकं विचारतात, कुठं निघालास नामू? कुठं सांगू गो?"

आता गाडी जोडलेली असते. त्यांच्या दारात नाय, आमच्या. तोंड रस्त्याकडं. माजा हात अजून पोराच्या कपाळावरनं हटत नाय. पण रोज सकाळी काका एक किक मारतात, घरभर धूर होतो, चिनू दचकून उठतो, सासूबाय ठसकतात नि शिव्या घालतात, आणि त्या सगळ्या गोंगाटात काका बाहेरनं ओरडतात,

"हाय गो, चालू हाय!"