संशोधनाच्या मुंग्या

"आई, ओट्यावरचा काचेचा डबा कुठंय?"

"घासून पालथा घातलाय. आत मुंग्या झाल्या होत्या."

लेकीने डबा सुलटा करून आत पाहिलं. मुंग्या झाल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. त्या विद्यापीठाच्या मुंग्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका होता.

"अगं, ठिपके होते ना त्यांच्यावर!"

"म्हणूनच म्हटलं, रोगट दिसतायत. उकळतं पाणी ओतलं."

"डब्यावर लिहिलं होतं, 'हात लावू नये' म्हणून!"

"माझ्या ओट्यावर मला कोण सांगणार हात लावू नये?"

विद्यापीठ एवढं अवाढव्य, की तिथे पदवीच्या पोरांना कुत्रं विचारत नसे. पण यंदा एक विशेष योजना निघाली होती. निवडक विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करायचं, आणि ज्याचं काम उजवं ठरेल त्याला सुट्टीत एका मोठ्या संशोधन संस्थेत पाठवायचं. ढीगभर अर्जांतून लेकीची निवड झाली, ती मुंग्यांवर काम करणाऱ्या सरांकडे. शनिवार-रविवार प्रयोगशाळेची वीज बंद राहणार आणि सर परगावी जाणार, म्हणून त्यांनी डबा तिच्या हवाली केला होता. "डोळ्यांत तेल घालून जप," असं बजावलंही होतं.

हे सगळं कळल्यावर आईचा चेहरा पडला. निवडीची बातमी ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगून आली होती ती आईच. "आता गं?" ती म्हणाली. "काढून टाकतील तुला?"

"डोक्यावर घेऊन नाचतील का मग?" असं काहीतरी लेक बोलणार होती, पण तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात बाबा कामावरून आले. त्यांचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"काळ्या होत्या की लाल?"

"काळ्या. साध्याच, घरात असतात त्या. सर त्यांना जवळच्या चौकातून घेऊन आले होते."

"मग रडतेस कशाला? खिडकीमागच्या फटीत रांग लागलीये. ठिपक्यांचं माझ्यावर सोड."

सरांच्या पद्धतीप्रमाणे मुंग्या थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवल्या, म्हणजे त्या सुस्तावतात. मग बाबा सर्वांत बारीक ब्रश घेऊन बसले. एवढं लहान गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आई बॅटरी धरून सूचना देत होती.

"अहो, ती डावीकडची राहिली."

"तिला आधी स्वस्थ बस म्हणावं."

सोमवारी सरांनी नेहमीचा प्रयोग लावला. पाण्याने भरलेल्या ताटलीच्या मधोमध साखर ठेवायची, वरून एक दोरा सोडायचा आणि मुंग्यांना वाट सापडते का ते बघायचं. आधीच्या मुंग्या काठावर घुटमळून दुपारपर्यंत नाद सोडत. या मुंग्या सरांचा चहा संपायच्या आत साखर घेऊन परतीच्या वाटेला लागल्या. सरांनी कप खाली ठेवला.

"दोन वर्षं!" ते म्हणाले. "दोन वर्षं मी यांच्यापुढे डोकं फोडतोय! तू दोन दिवसांत काय केलंस गं यांना?"

"काही नाही, सर."

सरांना तो तिचा विनय वाटला. त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं, विभागप्रमुखांनी आणखी कुणाकुणाला बोलावलं. विद्यापीठाच्या प्रदर्शनात हे काम ठेवायचं ठरलं, त्यावर लेकीचं नाव सर्वांत वर. सुट्टीतल्या संस्थेचंही जवळपास नक्कीच झालं. लेकीला घास गिळवेना. चौथ्या दिवशी ती सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"सर, त्या तुमच्या मुंग्या नाहीत. तुमच्या होत्या त्या माझ्या आईने मारल्या."

"कशाने?"

"उकळत्या पाण्याने."

"सगळ्या?"

"आई काम अर्धवट ठेवत नाही, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "या नव्या कुठल्या?"

"आमच्या स्वयंपाकघरातल्या. आई डबे पाण्यात ठेवते, वर टांगते, खडू ओढते. तरी येतात."

"किती वर्षं चाललंय हे?"

"लग्न झाल्यापासून."

सरांचा राग कुठेतरी अडखळला. "हे बघ," ते म्हणाले, "खरं काय ते योजनेच्या समितीला सांगावंच लागेल, आणि मग तुझं नाव कापलं जाईल. वाचायचा एकच मार्ग आहे. दोन आठवडे तुमच्याच स्वयंपाकघरात यांचं निरीक्षण करायचं, अगदी रीतसर. आईने काही करायचं नाही. नोंदी मिळाल्या तर मी तुझ्यासाठी भांडेन. नाही मिळाल्या तर मला तोंड उघडायला जागा नाही."

परवानगी मागायला सर स्वतः घरी आले. आई लेकीसाठी काहीही करायला तयार होती, फक्त तिची एक अट होती. "पिठाच्या डब्याकडे जायचं नाही," ती म्हणाली. सरांनी ते लिहून घेतलं.

ओट्यावर साखर उघडी ठेवली. मुंग्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारी मध ठेवला. तरी नाहीत. आई हात मागे बांधून उभी राहायची, कारण हात मोकळे राहिले की फडक्याकडे जायचे. सर भिंग घेऊन स्टुलावर बसायचे.

"सोप्या कामाची त्यांना सवय नाही," बाबांनी मत दिलं. "ताटलीत पाणी ओता, बघा कशा धावत येतात." पाणी ओतलं. कोणी आलं नाही.

शेवटी लेकीने खिडकीमागे हात घातला. "आई, इथली फट कुठे गेली?"

आईने हातातल्या फडक्याची घडी घातली. "एवढे मोठे सर घरी येणार," ती म्हणाली, "म्हणून आदल्या दिवशी घर धुऊन काढलं. तेव्हाच बुजवली."

बाबांनी फट उकरली. आत चिटपाखरू नव्हतं. भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती, त्यामुळे बिऱ्हाड कुठे हललं असेल ते सगळ्यांना कळलं, आणि सगळे आईकडे बघू लागले. शेजारच्या वहिनींशी आईचं बोलणं बंद होतं, आणि तेही मुंग्यांवरूनच. "तुमच्या गलथानपणामुळे आमच्याकडे मुंग्या येतात," असं आई त्यांना जिन्यात, चारचौघांत म्हणाली होती.

"मी जाते, आई," लेक म्हणाली.

"तू नको. मारल्या मी, घालवल्या मी, मागायलाही मीच जाते."

आईने सवयीने वाटी उचलली, ती ठेवली आणि काचेचा डबा घेतला. तिने शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं.

"वहिनी," आई म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, म्हणून आले. थोड्या मुंग्या मिळतील का?"

वहिनींनी आईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, जिन्यात भिंग घेऊन उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं आणि दार सताड उघडलं.

"थोड्या कशाला? सगळ्या न्या की," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडूनच आल्यात."