पद लिफ्टचालकाचे, जागा एक

अकरा वर्षं एकच लिफ्ट वरखाली केल्यानंतर, आपल्याला लिफ्ट चालवता येते की नाही हे ठरवण्यासाठी लिफ्टवाल्याला मुलाखतीचं पत्र आलं. तात्पुरतं पद कायम होणार होतं, म्हणून सगळं रीतसर व्हायला हवं होतं. कायम झाला की त्याला आजारी पडण्याची सवलत मिळणार होती. आजवर तो अंगात ताप असला तरी स्टुलावर बसून असे.

"अहो, एकदा तरी तुम्हाला ताप आला म्हणून घरी झोपलेलं मला बघायचंय," बायको म्हणाली, आणि तिने आपल्या भावाला बोलावून घेतलं.

मेहुण्याचा या विषयातला अधिकार मोठा. चौदा मुलाखती दिल्या होत्या पठ्ठ्याने, आणि मध्ये कुठे नोकरी लागून अनुभवात खंड पडला नव्हता.

"भाऊजी, लिफ्टबद्दल चकार शब्द काढायचा नाही," त्याने बजावलं. "अनुभव सांगितला की माणूस जुनाट वाटतो. आणि नजरेला नजर. आभाळ कोसळलं तरी हटवायची नाही."

"पण लिफ्ट अडकली तर काय कराल, असं विचारलं तर?"

"म्हणायचं, मी अडचणीकडे संधी म्हणून पाहतो."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्टचं कोण विचारतंय, भाऊजी."

आठ दिवस तो आरशासमोर संधी बघत बसला. शेवटी शेवटी बायकोने भाजी कुठली करू विचारलं, तरी "उत्तम प्रश्न आहे" म्हणायला लागला.

उमेदवाराने मुलाखतीच्या दिवशी कामावर असू नये, असा नियम होता. म्हणून त्याला त्या दिवशी बिनपगारी रजा मिळाली आणि पर्यायी व्यवस्था म्हणून लिफ्टवर पाटी लागली: 'स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी.' तीन सदस्यांची निवड समिती ती जबाबदारी घेऊन आत शिरली आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली.

चौथ्या मजल्यावर इस्त्रीच्या शर्टात बसलेला लिफ्टवाला ताडकन उठला. तिसऱ्या मजल्याचं दार नीट लागत नाही, त्याला बाहेरून खांदा दिला की लिफ्ट हलते, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं.

"बसा खाली," आस्थापना विभागाचा कारकून म्हणाला. "मुलाखतीआधी समितीला मदत म्हणजे समितीवर प्रभाव. उमेदवारी रद्द होईल."

"अहो, पण माणसं अडकलीत आत."

"मग मुलाखत सुरू करू. अकरा वाजलेत. पत्रात ठिकाण चौथा मजला लिहिलंय. तिघांची डोकी चौथ्या मजल्यावर आहेत, आणि गणपूर्ती डोक्यांवरच मोजतात."

झालं, जाळीतून मुलाखत सुरू झाली. नजरेला नजर द्यायची म्हणून लिफ्टवाला फरशीवर पालथा झोपला.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं.

"चौथ्या मजल्यावर, साहेब."

"आणि दबावाखाली काम कसं करता?"

"मी अडचणीकडे संधी म्हणून पाहतो."

"वा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर कागद टेकवून गुण लिहिले.

तेवढ्यात समितीतल्या तज्ज्ञ बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला घुसमटतंय हो," त्या कशाबशा म्हणाल्या. लिफ्टवाल्याचा जीव कळवळला. खड्ड्यात गेली मुलाखत, असं पुटपुटत तो उठला, जिना उतरला आणि त्याने दाराला खांदा दिला. लिफ्ट गुमान वर आली.

बाई पाणी प्यायल्या, त्यांनी त्याचे चार-चारदा आभार मानले आणि शेऱ्याखाली सही केली: 'उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून निघून गेला.' अध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. "माणूस देवासारखा धावून आला," ते कारकुनाला म्हणाले, "पण तक्त्यात धावून येण्याला रकानाच नाही."

जागा रांगेतल्या पुढच्या उमेदवाराला मिळाली. तो सांघिक भावनेवर वीस मिनिटं न थांबता बोलला होता. लिफ्टमध्ये त्याला चक्कर येते, म्हणून त्याला टेबलाचं काम दिलंय. लिफ्ट तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत, जुनाच माणूस चालवतो.

काल त्याच्या अंगात ताप होता. तुम्हीही होतात की लिफ्टमध्ये. मोबाइलवरून मान वर न करता "चौथा" म्हणालात, तो खोकला तेव्हा नाकाला रुमाल लावलात, आणि बाहेर पडताना शेजारच्याला म्हणालात, "आजारी माणसाने घरी झोपू नये का हो?"