उठलात की कात्री

संकलकाच्या घरी सिनेमा बघणं हे काही सुखाचं काम नव्हतं. नवा सिनेमा पहिल्यांदा जोडून झाला, की तो घरच्यांना हॉलमधल्या सोफ्यावर ओळीने बसवायचा, स्वतः मागे खुर्ची टाकायचा आणि पडदा सोडून त्यांच्याकडेच टक लावून बघायचा. कुणी पाणी प्यायला उठलं, की त्या प्रसंगाला कात्री! मग तो प्रसंग करताना किती का जणांचा घाम गळलेला असेना. "माणूस उगाच उठत नाही, कंटाळला की उठतो," असं तो म्हणायचा, आणि या नियमापुढे त्याने भल्याभल्या दिग्दर्शकांची डाळ शिजू दिली नव्हती.

या वेळी मात्र गाडं अडलं होतं. सिनेमा एका जाडजूड अद्भुत कादंबरीवरचा होता आणि काही केल्या तीन तासांच्या आत बसत नव्हता. त्यात राजकन्या उडत्या अजगराच्या गुहेबाहेर, तो जागा व्हायची वाट बघत, आपला फाटका झगा शिवत बसते. पुस्तकात या शिवणकामाला अख्खं प्रकरण दिलेलं.

निर्मात्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "लोक अजगर बघायला येणार, सुईदोरा नाही. उद्या संध्याकाळी मी बघतोय. मला जांभई आली, तर सिनेमा दुसऱ्या संकलकाकडे!" आधीचा सिनेमा सपशेल आपटला होता. हाही हातचा गेला असता, तर संकलकाला कुणी दारात उभं केलं नसतं.

आणि घरात होत्या सासूबाई. ती कादंबरी त्यांना तोंडपाठ.

"झग्याला हात लावायचा नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पुस्तकात त्यावर सात तारे आहेत, तुमच्याकडे सहाच दिसतात. तेही मी पोटात घातलं. पण प्रसंग कापलात तर बघा!"

"मी कशाला कापतोय? तुम्ही उठलात तर तो आपोआप कापला जाईल."

"असं होय?" सासूबाईंनी चष्मा पुसून घट्ट बसवला. "मग आज कुणीही उठणार नाही." त्या सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, तुम्ही आत्ताच जाऊन या. नंतर जागचं हलायचं नाही."

सासरे मुकाट्याने जाऊन आले. संकलकाने आवाज नीट तपासायला कानांवर हेडफोन चढवला आणि सिनेमा सुरू केला.

राजकन्येने सुईत दोरा ओवला, तशी संकलकाची बायको आईकडे झुकली.

"आई, बाथरूमचा नळ चालू आहे."

"माहितीये. मीच मघाशी बादली लावलीये."

"बंद करून येते."

"उठलीस तर याद राख! झगा जाईल."

पडद्यावर टाका पडत होता आणि बाथरूममध्ये पाणी. बादली भरत आली की तिचा आवाज कसा बारीक बारीक होत जातो, हे घरात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

"भरत आली," सासरे पुटपुटले.

"भरू दे!"

मागे बसलेल्या संकलकाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याला दिसत होते ते तीन ताठ पाठीचे प्रेक्षक. बायकोने उशी आवळून धरली होती. सासरे सोफ्याच्या अगदी कडेला आले होते. सासूबाईंचा तर श्वासही दिसेना. अहो, शिवणकामाला! संकलक चाट पडला.

मग अजगर जागा झाला, युद्धाला तोंड फुटलं, आणि बाथरूममधून निघालेलं पाणी सोफ्याखाली पोचलं. "अगं बाई, गेलं सगळं!" असं ओरडत तिघंही उठून पळाली. संकलकाने कपाळावर हात मारला. इतकं महागडं युद्ध, आणि एक माणूस जागेवर नाही! तेवढ्यात त्याचे मोजे ओले झाले.

फरशी पुसता पुसता त्याला सगळा उलगडा झाला. दुसरा कुणी असता तर आजचा खेळ बाद धरला असता. पण हा हट्टी. नियम म्हणजे नियम! त्याने युद्ध कापून निम्म्यावर आणलं. झग्याला मात्र हात लावला नाही. उलट तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावून बघितला. गुहेत अजगराच्या तोंडाशी एक दगडी कुंड होतं. पुस्तकात आहे म्हणून सेटवर मांडलेलं, पण आजवर कुणाच्या नजरेत न भरलेलं. संकलक माईक घेऊन बाथरूममध्ये गेला आणि त्याने पुन्हा बादली लावली. कुंड भरून वाहिलं की अजगराला जाग येणार!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निर्माता थिएटरच्या पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. मागे घरची मंडळी होती, कारण सासूबाईंना घरी ठेवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. राजकन्येने सुई हातात घेतली. गुहेतून पाण्याचा आवाज येऊ लागला. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक झाला...

"भरली, भरली!" सासूबाई ओरडल्या. तिघंही ताडकन उठली. सासूबाई तर दरवाज्याबाहेर पोचल्यासुद्धा.

संकलकाने डोळे मिटले. आता आपल्याच नियमाने आपलाच गळा! निर्माता मागे वळला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपणही उभे आहोत.

"काय केलंयत काय तुम्ही? माणसाला बसवत नाही!" तो म्हणाला. "यातली एक फ्रेम जरी कापलीत तर खबरदार!"

"पण माणूस उठला की मी..."

"नियम घाला चुलीत!"

संकलकाला इतका आनंद झाला, की तो स्वतःच मटकन खाली बसला. तेवढ्यात सासूबाई धापा टाकत परत आल्या.

"इथले सगळे नळ बंद आहेत," त्यांनी जाहीर केलं. मग पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि जावईबापू, पुस्तकात ते कुंड कोरडं आहे हो. अगदी ठणठणीत!"

"मग कापू?"

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याच्या घरी नळ नसेल."